बदाम कसा लागतो

चष्मेवाल्याची आणि तिची ओळख एका तडकलेल्या काचेमुळे झाली. ती तेव्हा बेकरीत भट्टीवर होती. भट्टीच्या धगीने दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या चष्म्याच्या काचेवरचा थर तडकायचा, त्यावर बारीक जाळी धरायची, आणि ती दुकानात हजर व्हायची. तिसऱ्या खेपेला त्याने काच उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही डोकं नेमकं कुठे घालता?"

"भट्टीत."

"रोज?"

"रविवारी सुट्टी असते," ती म्हणाली.

लग्न ठरायला याहून कमी भांडवलही लोकांना पुरतं. पुढच्या खेपेला ती स्वतः भाजलेली बदामाची बिस्किटं पुडीत बांधून घेऊन गेली. पुडीत काय आहे ते ऐकताच त्या भल्या माणसाने आपली खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली. बदाम त्याला चालत नव्हता. तीन वर्षांचा असताना शेजारणीने कौतुकाने दिलेला एक तुकडा खाऊन तो असा सुजला होता, की त्याच्या आईला स्वतःचं पोर ओळखू येईना. दवाखान्यात नेईपर्यंत श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तेव्हापासून बदाम म्हणजे विष, हे त्या घराने पाठ करून टाकलं होतं.

तिने पुडी दाराबाहेर नेऊन ठेवली आणि पाण्याने हात धुऊन आली. तो ओशाळला होता. चष्मा परत देताना त्याने हळूच विचारलं, "कसा लागतो हो बदाम?"

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "पुठ्ठा चावल्यासारखा."

ही शुद्ध थाप होती. जगातल्या सगळ्या खाण्यांत तिचा जीव बदामावर होता. पण ज्याला जे कधीच मिळायचं नाही, त्याच्यापुढे त्याची वाखाणणी कशाला करायची? पुढे लग्न झालं, तरी तो अधूनमधून विचारायचा, आणि ती दर वेळी पुठ्ठ्यावरच भागवायची. तोही हसून मान डोलवायचा.

भट्टी सुटली ती मात्र एका गालामुळे. लग्न ठरल्यानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी निरोप घेताना तिने त्याच्या गालावर ओठ टेकले. सकाळी तिने घाण्यातलं एक बदामाचं बिस्कीट चाखलं होतं आणि ते ती साफ विसरून गेली होती. तो घरी पोचला तेव्हा गालावर ओठांच्या मापाचा लालभडक चट्टा उठला होता. ते माप कुणाचं, हे त्याच्या आईला सांगावं लागलं नाही. चट्टा तासाभरात विरला, पण तिची धास्ती काही विरेना. आज गाल होता, उद्या तोंड असेल. तिने महिनाअखेरीला बेकरी सोडली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. ती पडद्यांच्या दुकानात लागली आणि मोजपट्टीने कापड मोजू लागली. पडद्यांनी कुणाला चट्टे उठत नाहीत.

घरात सासूबाई होत्याच. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात, सासूबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. विकतचा कुठलाही पुडा घरात आला की चष्मा चढवून मागचं बारीक अक्षर त्या पुन्हा पुन्हा वाचायच्या. "तळहातावरच्या फोडासारखं जपलंय मी त्याला," त्या सुनेला सांगायच्या, "आता तुझा हात." आणि सुनेने तो हात खरंच पुढे केला होता. तिच्या पर्समध्ये एक पिशवी कायम असायची. तीत अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि जीव वाचवायचं एक इंजेक्शन. ते मांडीत कसं द्यायचं, हे तिला शिकवलेलं होतं. मुदत संपली की ती नवं आणायची. द्यायची वेळ एकदाही आली नव्हती, आणि आपल्या हातून ते होईल का, या विचाराने ती कधीकधी दचकून उठायची.

अशी चार वर्षं गेली. मग बेकरीचे मालक पडद्यांच्या दुकानात आले. त्यांना सगळे काका म्हणायचे. पडदे घ्यायला आलोय असं म्हणत त्यांनी बराच वेळ एक निळं कापड चिमटीत धरून ठेवलं आणि शेवटी मुद्द्यावर आले. त्यांचा उजवा खांदा निकामी झाला होता, ट्रे उचलवत नव्हता. भट्टी कुणाच्या तरी हाती द्यायची होती.

"कामाला माणसं मिळतात," काका म्हणाले, "पण भट्टीत हात न घालता तिची धग ओळखणारी तूच होतीस. महिना-दोन महिने थांबतो. नाहीतर मग दुसरीकडून माणूस येतोय, त्याला हो म्हणतो."

"काका, ते आता जमायचं नाही," ती म्हणाली. "घरचं तुम्हाला माहीत आहे."

घरी येऊन ती याविषयी अक्षरही बोलली नाही. त्या रात्री तिने भाजी मात्र करपवली. भट्टीवर आयुष्यात कधी काही करपू न देणाऱ्या बाईने भाजी करपवली, तरी कुणी काही विचारलं नाही, याचं तिला बरंच वाटलं.

याच सुमाराला चष्मेवाल्याकडे एक डॉक्टरीणबाई वाचायचा चष्मा करायला आल्या. त्या मोठ्या इस्पितळात संशोधन करत होत्या, आणि विषय होता खाण्याची अ‍ॅलर्जी. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की रक्ताच्या तपासणीत आकडा मोठा आला म्हणजे अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मोठी, एवढंच कळतं. किती खाल्ल्यावर त्रास होईल, आणि किती होईल, ते तो आकडा सांगत नाही. काहींना आकडा असून काहीच होत नाही. काहींची लहानपणची अ‍ॅलर्जी मोठेपणी गेलेली असते आणि त्यांना पत्ताच नसतो. खात्री करायची तर एकच वाट, इस्पितळात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, कणाकणाने वाढवत ते खाऊन पाहायचं. रक्त, कातडी आणि प्रत्यक्ष खाणं या तिघांचं किती जुळतं, हेच त्या तपासत होत्या, आणि त्यांना मोठ्या वयाची माणसं हवी होती.

चष्मेवाल्याने जागच्या जागी होकार दिला. घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

"जाणूनबुजून विष खायचं, तेही दवाखान्यात जाऊन," त्या म्हणाल्या. "लोक दवाखान्यात बरे व्हायला जातात रे."

"आई, तिथे सगळी तयारी असते."

"तयारी तर सरणावरही असते."

ती ताटं गोळा करू लागली. मनात मात्र एक लबाड आशा शिरली होती. समजा, गेलेली असेल तर? आशेला घरात घ्यायला दार उघडावं लागत नाही, ती फटीतूनच येते. ती परत परत मनाला दटावत होती आणि परत परत भट्टीची धग तिच्या तोंडावर येत होती.

तपासणीच्या दिवशी तिघंही गेली. आठवडाभर आधीपासून अ‍ॅलर्जीची कोणतीही गोळी घ्यायची नाही, असं त्यांना दोनदा बजावलेलं होतं. खोली साधीच होती. एक खाट, दोन खुर्च्या, नाडी आणि दाब दाखवणारं यंत्र, भिंतीला प्राणवायूची नळी, आणि ट्रेमध्ये तीच तिच्या पर्समधली औषधं, फक्त जास्त. खाऊ घालायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातावर तीन थेंब ठेवले आणि प्रत्येकातून सुईचं टोक हलकेच टोचलं. एक थेंब बदामाचा. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा. आणि तिसरा असा, की माणूस राजा असो नाहीतर रंक, प्रत्येकाच्या कातडीवर डास चावल्यासारखी गांध उठवतोच.

थोड्या वेळाने त्यांनी हात उजेडात धरला. तीही वाकून पाहत होती. बदामाच्या थेंबाखाली कातडी सपाट होती. चष्म्यातून पाहिलं, चष्मा वर करून पाहिलं, तरी सपाटच. तिचा ऊर भरून आला. तिने नवऱ्याचा दुसरा हात घट्ट धरला.

डॉक्टरीणबाई मात्र तिसऱ्या थेंबाकडे पाहत होत्या. तिथेही सपाट होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यालाच करायला दिलेला नवा चष्मा होता तो.

"हा तिसरा थेंब कातडी खरं बोलतेय ना, हे बघायला असतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा उठला नाही याचा अर्थ एकच. यांच्या पोटात अ‍ॅलर्जीची गोळी आहे. कुणी दिली?"

तिघांनीही कानांवर हात ठेवले.

"रागवत नाहीये मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "होतं असं. आई देते, बायको देते. काळजीपोटी देतात, चहातून, भाजीतून. मला फक्त खरं कळू दे."

झालं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि सुनेने सासूबाईंकडे. सकाळचा चहा सासूबाईंनी केला होता. गोळ्यांची पिशवी सुनेच्या पर्समध्ये होती. दोघी एकाच वेळी मनात म्हणाल्या, हिचंच काम. सासूबाईंच्या तोंडून तर ते निघालंही. "आपण काही बोलत नाही बाई," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "खाई त्याला खवखवे."

तिचा संताप झाला. पर्स उघडून तिने गोळ्यांची पट्टी बाहेर काढली, सगळ्यांना दाखवायला. दोन घरं रिकामी होती. ती त्या रिकाम्या घरांकडे बघतच राहिली.

चष्मेवाल्याने घसा खाकरला. "मी घेतल्या," तो म्हणाला. "सकाळी. ती अंघोळीला गेली होती तेव्हा."

यंत्र तेवढं त्याची नाडी मोजत टिकटिकत होतं.

"एकावर भागलं असतं की," डॉक्टरीणबाई अखेर म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "ऐका. अंगाला खाज, ओठाला मुंग्या, एखादा चट्टा, ही आमची घंटा. ती वाजली की आम्ही तिथेच थांबतो. गोळीने घंटा बंद पडते, आग विझत नाही. घशाची सूज आणि रक्तदाबाचं कोसळणं गोळीने थांबतं असं नाही. तुम्ही घंटा काढून ठेवून आमच्याकडून पुढचा चमचा, पुढचा चमचा घेत राहिला असता. आणि पास झाला असता तर? घरी जाऊन एका दिवशी गोळीशिवाय मूठभर खाल्लं असतं."

त्याने मान खाली घातली. पाठीवर थाप मारून त्यांनी त्याला दुसरी तारीख दिली.

परतीच्या रस्त्यावर ती त्याच्यापुढे दहा पावलं चालत होती. सासूबाई दोघांच्या मधे, कुणाचीच बाजू न घेता. घरी आल्यावर तो घरीच मांडलेल्या काचा घासायच्या टेबलापाशी जाऊन बसला, जशी काही तिथे कामाची घाई होती. ती दारात उभी राहिली.

"का?"

त्याने घासायचं यंत्र सुरू केलं. तिने जाऊन बटण बंद केलं.

"का, विचारतेय मी."

"काका माझ्याकडेही आले होते," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी, तुझ्याकडून नकार ऐकल्यावर."

हे तिच्या हिशेबात नव्हतं.

"तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "मी वाट पाहत होतो. मग भाजी करपली, तेव्हा कळलं की तू सांगणार नाहीस. अगं, मी रोज त्या पडद्यांच्या दुकानावरून जातो. तू मोजपट्टी धरून उभी असतेस ना, तेव्हा तुझा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. माझ्यामुळे. एकदा पास झालो असतो की तू मोकळी होतीस."

"आणि तुला काही झालं असतं तर? मग किती मोकळी झाले असते मी?" तिचा आवाज फाटला. "मला विधवा करून भट्टीवर पाठवणार होतास?"

"मला वाटलं, गोळी घेतली की सांभाळून नेता येईल."

"काचेचा केसाएवढा फरक तुला दिसतो. आणि हे दिसलं नाही?"

ती खाली फरशीवर बसली, भिंतीला टेकून. राग होता, पण रागाच्या खाली जे होतं ते जास्त जड होतं. आपल्यासाठी कुणी एवढा मोठा गाढवपणा करावा, याचं काय करायचं असतं ते कुणी शिकवलेलं नसतं. ती रडली. तोही टेबलापासून उठून तिच्या शेजारी फरशीवर येऊन बसला.

"भट्टी मी माझ्या मर्जीने सोडली होती," ती नाक पुसत म्हणाली.

"मर्जीने नाही. भीतीने."

"भीतीने तर भीतीने. माझीच होती ना." ती त्याच्याकडे वळली. "आता ऐक. तू परत जायचंस. पण खरं जायचंस. जे काय असेल ते खरं कळू दे. नाही जमलं तर पडदे मोजीन, पण खोट्या पासावर मी भट्टीत लाकूडसुद्धा घालणार नाही."

"बरं."

"आणि गोळ्या माझ्या उशाखाली राहतील."

दारातून सासूबाईंचा आवाज आला, "झालं असेल तर पानं घेते."

पुढच्या तारखेला तिसरा थेंब टच्च उठला. बदामाचा त्याहून मोठा. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. बाकीच्या तिघांचे चेहरे पडले. मग खाणं सुरू झालं. त्याची रीत अशी, की दोन वेगळ्या दिवशी दोनदा खायचं. एका दिवशीच्या वाट्यांमध्ये चॉकलेटच्या खिरीत बदामाची वस्त्रगाळ पूड लपवलेली, दुसऱ्या दिवशी नुसती खीर. चव तीच, रंग तोच. कुठला दिवस कुठला, हे खोलीतल्या कुणालाच माहीत नाही, डॉक्टरांनासुद्धा नाही. माहीत फक्त इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या एका बाईंना, आणि त्या मूग गिळून बसलेल्या.

पहिल्या दिवशी पहिल्याच वाटीला त्याच्या जिभेला मुंग्या आल्या. दुसऱ्या वाटीला पोटात कळ आली. सासूबाईंना त्याच्या मानेवर लाल दिसू लागलं. तिला स्वतःच्या हाताला खाज सुटली आणि ती बोटांच्या बेचक्यात खाजवू लागली. डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली, घसा पाहिला, छाती ऐकली, दाब मोजला. मानेवर कॉलरचा वळ होता. "पुढची वाटी," त्या म्हणाल्या. होता होता सगळ्या वाट्या संपल्या आणि काही म्हणजे काही झालं नाही. मुंग्याही कंटाळून गेल्या.

तिघं घरी परतली ती हवेत तरंगत. बदाम हाच असणार. आज जर बदाम होता, तर उद्यापासून सगळंच बदललं. सासूबाई म्हणाल्या, "मला तर कधीपासून वाटतच होतं की गेलंय ते," आणि यावर कुणी हसलं नाही, इतकी सगळी आनंदात होती. ती रात्री पडल्या पडल्या डोळ्यांसमोर ट्रे मांडत होती.

दुसऱ्या दिवशी तो मजेत होता. आज नुसती खीर आहे, याबद्दल त्याची खात्री होती. पहिली वाटी त्याने चाटूनपुसून खाल्ली. दुसरी खाताना सिस्टरना सांगितलं, की साखर जरा कमी पडलीय. तिसरीला सासूबाईंनी पिशवीतून विणकाम काढलं. चौथी वाटी संपवून तो तिला काहीतरी सांगत होता, काचेच्या एका गिऱ्हाइकाबद्दल, आणि वाक्याच्या मध्येच थांबला.

तिने पाहिलं. तो गिळायचा प्रयत्न करत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि डोळ्यांच्या कडांपाशी कातडी फुगत होती. तो बोलला तेव्हा आवाज दुसऱ्याचा होता. "घसा," तो म्हणाला. एवढंच.

डॉक्टरीणबाई उठल्या तेव्हा सिस्टर इंजेक्शन घेऊन आधीच खाटेपाशी होत्या. त्यांनी ते त्याच्या मांडीवर टेकवलं, दाबलं, धरून ठेवलं. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. ती भिंतीला चिकटून उभी होती. ज्या क्षणाला ती इतकी वर्षं भीत होती तो हाच. समोर आला तेव्हा तिला दिसलं, की त्या क्षणालाही आधी सुरुवात असते, मग मध्य असतो, मग शेवट. त्याचा श्वास आधी शीळ घालत होता. मग खरखरला. मग हळूहळू मोकळा झाला. कानांचा रंग उतरला. त्याने डोळे उघडले आणि तिला शोधलं.

"चॉकलेटच लागलं गं," तो पुटपुटला. "एवढं सगळं झालं, आणि बदाम लागलाच नाही."

ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सासूबाईंच्या हातातलं विणकाम पार उसवलं होतं, आणि त्या अजून धागा ओढतच होत्या.

त्याला दिवसभर तिथे निजवून ठेवलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. अ‍ॅलर्जी आहे, त्या म्हणाल्या, खरी आहे, आणि जपायला हवं. ज्या वाटीला त्रास झाला तिच्यात साधारण अर्ध्या बदामाएवढी पूड होती. त्याच्या आधीच्या वाट्यांमध्येही बदाम होता, अगदी कणभर, आणि तेवढा त्याने सोसला.

तिने घसा साफ केला. "मॅडम, एक विचारू? माझ्या कपड्यांवर पूड असली तर? केसांत?"

"तुम्ही बदाम कुटत असताना हे शेजारी उभे राहिले तर मला आवडणार नाही. तुम्ही बदाम खाऊन यांच्या तोंडाला तोंड लावलंत तर अजिबात नाही." सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "पण काम संपल्यावर अंघोळ केली, कपडे तिथेच ठेवले, हात-तोंड साबणाने धुतलं, दात घासले, कामावर बदाम चाखला असेल त्या दिवशी जरा लांबूनच राहिलात, तर तुमच्या अंगाला चिकटून अर्ध्या बदामाएवढं यांच्या पोटात जाईल, असं मला वाटत नाही. धोका शून्य असं मी कुणालाच सांगत नाही. यांचं माप कधी खालीवरही होतं, ताप आला, दमणूक झाली की. इंजेक्शन जवळ हवंच. पण तुम्ही आजवर ज्याला भीत होता ते आणि जे आहे ते, यांत फरक आहे."

इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना सासूबाई थांबल्या. "ते इंजेक्शन," त्या सुनेला म्हणाल्या, "मलाही शिकव. सरावाचं बिनसुईचं मिळतं म्हणे." त्या आठवड्यात घरातल्या उशीला त्यांनी इतक्या वेळा वाचवलं, की शेवटी तिचा कापूस बाहेर आला.

तिने काकांना हो सांगितलं. दुसरा माणूस यायच्या आतच. पहिल्या दिवशी भट्टीचं दार उघडल्यावर धग तोंडावर आली आणि चष्म्यावर वाफ धरली, तेव्हा ती नुसती उभी राहिली. काकांनी मागून विचारलं, "विसरलीस की काय?" तिने डोळे पुसले आणि पहिला ट्रे आत सरकवला.

संध्याकाळी मागच्या न्हाणीत तिने डोक्यावरून अंघोळ केली, दात घासले, धुतलेले कपडे घातले आणि घरी आली. तरीही दारात सवयीने पाय अडखळला. तो टेबलापाशी काच घासत बसला होता. यंत्र बंद करून त्याने वर पाहिलं. तिच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं.

"काय केलंस आज?"

"बदामाचा केक."

त्याने हातातली काच खाली ठेवली. "कसा लागतो?"

पुठ्ठा तिच्या जिभेवर तयारच होता. चार वर्षांची सवय. ती आत आली आणि त्याच्या समोर बसली.

"आधी वास येतो," ती म्हणाली. "भाजायला ठेवला की. वास येतो तेव्हा वाटतं, घरात कुणीतरी आलंय. मग चावलास की पहिल्यांदा कडक लागतो, आणि लगेच दाताखाली मऊ होतो, ओला होतो. गोड म्हणावा तर गोड नाही. पण चावत राहिलास की गोड होत जातो. आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागे एक किंचित कडूपणा राहतो. मला तो सगळ्यांत आवडतो. त्या कडूपणासाठीच मी दुसरा खाते."

तो ऐकत होता. बारीक अक्षर वाचताना डोळे जसे होतात तसे त्याचे डोळे झाले होते.

"खूप आवडतो तुला?"

"खूप."

"आणि पुठ्ठा?"

"पुठ्ठा मी कधी खाल्लेला नाही," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "परत सांग."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि वासापासून पुन्हा सुरुवात केली.